आईचं माहेरचं आडनाव

दोंडाईच्यात, मिरची बाजाराच्या मागच्या गल्लीत
सहा मशिनींचं माझं दुकान होतं.
तासाला वीस रुपये, ठसका फुकट.
जानेवारीत वारा इकडे वळला की
गिऱ्हाईक शिंकत शिंकत पासवर्ड टाकायचं.

पासवर्ड कसले!
कुणाचा तळहातावर, कुणाचा बसच्या तिकिटामागे.
दामू शिंप्याचा तर त्याच्या शटरवरच रंगवलेला,
दुकानाचं नाव आणि पुढे स्थापनेचं साल.
एकजण प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणायचा,
चुकला तर मागचे बाकावरून सांगायचे.

रात्री कुलूप लावायच्या आधी मी फेरी मारायचो.
रोज दोन-तीन टपालपेट्या सताड उघड्या.
माणसं सुट्टे पैसे मोजून घ्यायची,
दाराशी आपलीच चप्पल आहे ना, पाहून घालायची,
आत मात्र स्वतःला तसंच सोडून जायची.

खरं सांगतो, एकदा वाचलं.
हंसराज सरांना धुळ्याच्या लॅबकडून आलेलं.
पुढे दोन महिने सर समोरून आले की
मी बुटाची नाडी बांधायला वाकायचो,
आणि माझ्या पायात असायच्या चपला.

तेव्हापासून पडद्याकडे न बघता
टेबलाखालचा खटका दाबू लागलो.
मशीन मरायचं. पण सकाळी जागं झालं की
कालचं सगळं आठवून बसायचं.
शेवटी शहाद्याच्या एका पोराने शिकवलं
हिस्ट्री कशी पुसतात.
शाळेत तर ती पाठ करायला लावली होती.

जागृती गिरासे चार नंबरवर बसायची.
एकदा सकाळी सातला आली, शटर अर्धं वर असताना:
"मामा, काल मनं उघडंच राही गयं.
कोनी वाचं ते नही ना?"
म्हटलं, नाही. आज नवीन पासवर्ड टाक.
मशीनने विचारलं, विसरलीस तर ओळख काय?
आईचं माहेरचं आडनाव.

हा प्रश्न ज्याने काढला
तो कधी शिंदखेडा तालुक्यात आला नसावा.
इथे पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी विचारतात,
कोनी पोर शे तू? तुनी मायनं माहेर कोठलं?

तिने 'सिसोदे' टाकायला घेतलं.
म्हटलं, थांब. तुझ्या भावाची आई कोण?
ती माझ्याकडे बघतच राहिली.
मग बोटं मागे घेतली, एकेक अक्षर खोडलं.
"खोटं लिखू? मायनं?"
खोटं लिही. पण लक्षात राहील असं.
मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो,
कॅलेंडरवरचे पंधरवडे मोजत.
सात कळा वाजल्या. की आठ.

चौथ्या दिवशी भाऊ आला.
चार नंबरच मागितला.
सिसोदे. मग एस-ई घालून. मग शेवटी वाय लावून.
मग मोठ्या लिपीत, जणू ओरडून सांगितलं तर पटेल.
उत्तर चुकीचे आहे.
"मशीन बिघडलं का वो?"
असेल, म्हटलं. मिरचीची धूळ जाते आत.
त्याने वीस रुपये टेबलावर आपटले.
त्या पेटीत काय होतं, मला आजही माहीत नाही.
जूनमध्ये ती सुरतच्या गाडीत बसताना दिसली,
हातात एकच पिशवी, बरोबर भाऊच, तोंड फुगवून.

आता दुकानात नुसतं झेरॉक्स.
परवा तिची आई आली रेशन कार्ड घेऊन.
मशीन तापेपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून
सवयीने विचारून बसलो,
मावशी, माहेर कोठलं तुमनं?

तिने पदर सावरला, मान ताठ केली
आणि गाव, गढी, आडनाव सांगितलं, सगळं खणखणीत.
मी मान हलवली, दोन प्रती काढल्या.
अख्ख्या तालुक्यात ते उत्तर बरोबर होतं,
एक जागा सोडून.