पिवळा दिवा, सोहार

शुक्रवारी सकाळी, नमाजाच्या आधी
पंपावर रांग नसते,
म्हणून दीड रियाल मोजून
मी बॉनेट उघडलं आणि फवारा हातात घेतला.

सात वर्षांची धूळ.
वाऱ्याने आणलेली, समुद्राच्या दमट हवेने
इंजिनावर थापलेली.
खाली ॲल्युमिनियम आहे हे मी विसरलेच होते.
करपलेल्या कुकरच्या बुडासारखं ते
हळूहळू चमकायला लागलं
आणि मला चेव आला.
कोपरे, वायरींच्या मागे, झाकणांच्या खाली,
जिथे बोट जात नाही तिथे पाणी गेलं.

किल्ली फिरवली.
काचेमागे एकदम दिवाळी:
बॅटरीचा लाल, एबीएसचा नारिंगी,
इंजिनाचा पिवळा,
आणि एक उद्गारचिन्ह,
नुसतंच, वाक्य नसलेलं.
बाहेर त्रेचाळीस अंश,
आणि गाडी थंडीतापातल्यासारखी थरथरत होती.

विश्रामला कळवायचं नाही, हे आधी ठरवलं.
तो दुकमला, गोदीत, सातशे किलोमीटरवर.
गुरुवारी येईल तेव्हा बॉनेट उघडून
त्याला चकित करायचं होतं.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच,
फक्त हातात फवारा.

सनाइयात एकच शटर अर्धं वर.
सलाउद्दीन परकार, ऑटो इलेक्ट्रिशियन, मूळचे दाभोळचे,
डब्यावरून मान वर करून म्हणाले,
"पाणी मारलंत ना?"
मी म्हटलं, थोडं.
"थोडं," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

आधी नुसतं ऐकलं, डोळे मिटून.
मग स्टिअरिंगखाली स्कॅनर खुपसला
आणि आलेले आकडे
वाण्याच्या यादीसारखे वाचले:
तिसरा सिलिंडर पेटत नाय,
डाव्या चाकाचा सेन्सर बोलत नाय,
व्होल्टेज कमी.
तिसऱ्या प्लगच्या खड्ड्यात
चमचाभर पाणी निघालं, कोमट.
ते हवेने उडवलं,
कॉइल पुसून उन्हात ठेवली, कुरडईसारखी.
पट्टा सुकला तसा लाल दिवा आपोआप गेला.
एका सॉकेटची कडी उन्हाने बिस्किट झालेली,
त्यांच्या बोटात मोडली.
"ही मोडायचीच होती हां," म्हणत
प्लास्टिकच्या पट्टीने बांधली.
नारिंगी गेला. उद्गारचिन्हही.

पिवळा राहिला.

पुन्हा स्कॅनर. या वेळी ते लवकर बोलले नाहीत.
"हा पाण्याचा नाय, ताई. हा जुना आहे.
सायलेन्सरमधला. गाडी थांबवणार नाय,
पण आज ना उद्या शंभर रियाल."
मग बॅटरीकडे वाकून
बोल्टवर अंगठा फिरवला.
धुतल्यावर तिथे पान्याचे वळ दिसत होते,
एकावर एक, ताजे.
"कुणीतरी तार काढून हा घालवतं.
तुम्ही जवळजवळ चालवता, म्हणून उशिरा परततो.
मिस्टरना जाऊन वीस दिवस झाले असतील?"

एकोणीस.

तो गेला की दर वेळी
रेडिओवरचं घड्याळ बारावर गेलेलं असायचं.
मला वाटायचं, ऊन.
मनगटावरचं बघून मी ते जुळवायचे
आणि शाळेत जायचे.

"पुसून टाकू?" त्यांचं बोट बटणावर.
असू दे, म्हटलं.
आठ रियाल घेतले त्यांनी,
कडीचे नाही घेतले.

परतताना खजुरांच्या बाजूने
पिवळा दिवा सोबत,
स्वयंपाकघरात कुणी चुकून चालू ठेवावा तसा.
फोन वाजला. गाडी कडेला घेतली.
"गाडी काय म्हणते?"
लख्ख आहे, मी म्हटलं,
गुरुवारी उघडून दाखवते.
तोवर खण आवरते, तुझा दहाचा पाना
काढून ठेवू का वर?

पलीकडे दुकमचा वारा,
बराच वेळ.