मधला धरतात

एप्रिलमध्ये सकाळचा आकडा वेगळा येतो, दुपारचा वेगळा.
सहसा हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही.
मेहेर सिग्नलमागच्या गल्लीत दुकान, वर पत्रा, पंखा एक,
टेबलावर दोन कॉम्प्युटर, कुशीची झाकणं काढलेले :
एक गायधनींचा, नऊ वर्षांचा, आत ग्राइंडिंगची काळी भुकटी;
एक आमचा, नवा, बाहत्तर हजार.

चाचणी लावली.
पडद्यावर काचेचे चेंडू गरगरले, पाण्यात ऊन पडलं,
जुन्याच्या पंख्यानं दमेकऱ्याचा सूर धरला.
नवा : अठरा हजार चारशे.
जुना : पाच हजार एकशे दहा.
"बघा," मी म्हटलं.

गायधनी सातपूरला डाय बनवतात.
बोटानंच खूण केली, पुन्हा लाव.
चार हजार सातशे.
पुन्हा.
चार हजार तीनशे नव्वद.
"यातला खरा कुठला?"

मधला धरतात, मी म्हटलं.
तापला की तो आपणहून हळू होतो, जळू नये म्हणून.
"शहाणा आहे मग."
आणि सांगत बसले :
मायक्रोमीटर आणि जॉब रात्रभर एका खोलीत ठेवायचे,
सकाळी दोघं एका अंगाचे झाले की मगच माप.
नुसतं हातात धरलं
तरी हाताची ऊब मापात उतरते.
"तुझ्या आकड्यात ऊब किती, पोरी?"

किल्ल्यांच्या जुडग्यातून पेन ड्राइव्ह सोडवला.
"चेंडू कोण फिरवतंय माझ्याकडे? हे उघड."
पंपाच्या झाकणाचा डाय, तीनशे बारा तुकडे.
नव्यावर चोवीस सेकंद.
जुन्यावर एकतीस.
मधल्या सात सेकंदांत
त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला,
आणि ड्रॉइंग आलेलं होतं.

शेठ गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होते.
मी जुन्याचं झाकण जवळ ओढलं.
भुकटी फुंकली, पेस्ट बदलली, अडीचशे रुपये.

दुसऱ्या दिवशी पावणेआठलाच आले,
पत्र्यावर ऊन चढायच्या आत.
तीनदा चाचणी. चिठ्ठीवर तीन आकडे,
आणि खाली, पहिल्यांदाच, चौथी ओळ :
खोली सव्वीस अंश.

गायधनींनी आकडा विचारला नाही.
चालू कॅबिनेटवर तळहात ठेवला,
कुणाचा ताप बघावा तसा, जरा वेळ.
चिठ्ठी मात्र चार घड्या घालून
वरच्या खिशात.