बत्तिसावा आठवडा

गिरीच्या वळणावर इनासचं पंक्चरचं दुकान.
मी म्हटलं, नक्षी बघ, अजून किती खोल आहे,
पावसातसुद्धा पकड सोडायची नाही.
त्यानं नक्षीकडे पाहिलंच नाही.
उकिडवा बसला, थुंकी लावून अंगठ्यानं
टायरच्या कुशीवरची धूळ पुसली
आणि आकडे वाचले : बत्तीस, चौदा.

बत्तिसावा आठवडा, चौदा साल.
म्हणजे श्रावण. म्हणजे तेव्हा
ट्रेलर घ्यायचं नुसतं बोलणंच चाललं होतं
आणि उल्हास वहीत पडद्यांची मापं लिहीत होता.

'बाये, हो धांवून म्हातारो जांवक ना.
रावून रावून जालो.'

चार पावसाळे फणसाखाली उभा होता ट्रेलर,
एकाच जागी, एकाच पायावर भार देऊन.
खाली कोंबडीनं अंडी घातली,
खाडीचा खारा वारा रबरात शिरला.
इनासनं अंगठा दाबला तशा बारीक भेगा उघडल्या,
माझ्या टाचांना पडतात तशा.

कारचे दोन होते त्याच्याकडे, स्वस्त.
तोच नको म्हणाला. ते माणसं नेणारे, घर नव्हे.
मी जाड कुशीचे घेतले. दोन नाही, तीन :
स्टेपनीचा जन्मही त्याच आठवड्यातला निघाला.

आता पहाटे, पोदेराचा भोंपू यायच्या आत,
टायर गार असताना हवा मोजते.
उन्हातला काटा खोटं बोलतो.
दर पंधरवड्याला ट्रेलर हातभर पुढे सरकवते.
शेजारचा प्रेमानंद ढकलू लागतो, विचारतो,
कुठे निघालात?

कुठेच नाही. चोर्ल्याचा घाट अजून लांब आहे.
नुसता भार बदलते.