लाल

त्या महिन्यात तीन पत्रं आली.
एकाचा विषय सीमा,
फी दीड हजार, फ्रेमचा खर्च वेगळा.
नको म्हटलं. इथल्या चित्रकाराकडून
लोक काटेरी तारच मागतात,
आणि मी ती कधी पाहिलीच नाही.

दुसऱ्याचा, स्वप्न. त्यात काहीही खपतं.

तिसरं शहापुरातून, विणकरांच्या हॉलमधलं:
विषय लाल.
माळ्यावर चढलो.
अकरा वर्षं काढत आलेल्या
खानापूरच्या कौलभट्ट्या
भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.
नवीन काही काढावं लागलं नाही.

शेजारी टांगली निंगव्वा बडिगेरची
संकेश्वरी मिरची, अंगणभर वाळत घातलेली.
तिच्यापुढे माझा लाल विटका दिसला.
दिवसभर धुसफुसलो,
तिचं चित्र दुसरीकडे हलवा म्हणणार होतो.
दुसऱ्या दिवशी, उन्हं खिडकीतून आत आल्यावर,
दिसलं: विटका नव्हे,
भाजलेला.

विकलं काहीच नाही.
कानडी पाटीवर माझं आडनाव चुकलं होतं,
मराठी पाटीवर तिचं.

चित्रं उतरवताना तिनं विचारलं,
"कौल कुटून घातलंय काय ओ ह्यात?"

नव्हतं घातलं.
आता घालतो.