रुजू

परिपत्रक सोमवारी आलं.
दोन पानं मजकूर, तिसऱ्यावर नुसती सही.
सागरी तालुक्यातल्या संस्थेत
नव्याने रुजू होणाऱ्या निदेशकास
तीन वर्षांत तीन हप्ते, एकूण एक लाख ऐंशी हजार.
मुदतीआधी सोडल्यास व्याजासह वसूल.
मी आवक क्रमांक टाकला, वर पंचिंग मशीन ठेवलं.
देवगडच्या सड्यावर कागद असाच ठेवला
तर वाऱ्यानं थेट पवनचक्क्यांपर्यंत जातो.

वेल्डिंगच्या वर्गाला अकरा महिने सर नाहीत.
यंत्रांवर मेणकापड, मेणकापडावर पालीची अंडी.
पोरं हजेरी लावून आनंदवाडीच्या जेटीवर जातात,
बर्फाच्या लाद्या उतरवतात.
प्रॅक्टिकल कधी, हे विचारायचंही त्यांनी सोडलंय.

नऊ वर्षांत त्या खुर्चीवर सात जण बसले.
एक औशाचा, शुद्ध शाकाहारी,
त्याला खोली मिळाली सुक्या बांगड्यांच्या वखारीला लागून.
एकाला गोव्याच्या गोदीत दुप्पट मिळाले.
एक कुणाशी बोलायचाच नाही,
गेल्यावर खणात सापडलं पोस्टभरतीचं पुस्तक,
निम्म्यापर्यंत पेन्सिलच्या खुणा.
सगळ्यांची कार्यमुक्तीची पत्रं मीच टाइप केली.
फाइल एकच. नाव बदलायचं, तारीख बदलायची.

जाहिरातीला तीन अर्ज आले, मुलाखतीला एकटा वैजयंत तारी.
आमचाच जुना प्रशिक्षणार्थी.
आठ वर्षं शारजात, जहाजांच्या पोटात.
मनगटावर ठिणग्यांचे डाग, तीळ सांडावेत तसे.
साहेबांनी विचारलं, इकडे का यायचंय?
वाटलं, आता मातीचं ऋण वगैरे काढणार.
तो म्हणाला, पैशांसाठी.
तिकडे जास्त आहेत, हप्ते धरले तर फरक निम्म्यावर येतो.
निम्मो फरक माका परवडता.
साहेब खाली बघून काहीतरी लिहीत राहिले.
मला तो माणूस तिथंच आवडला.

कुबल सर दुपारी आले, चष्मा कपाळावर.
डिझेल इंजिन शिकवतात, तासिका तत्त्वावर, एकोणीस वर्षं.
मे महिन्यात शून्य, गणपतीत शून्य,
संध्याकाळी लोकांच्या होड्यांची इंजिनं उघडून बसतात.
"गे बाय, ह्यात माझा काय आसा?"
मी ओळ पुन्हा वाचून दाखवली. नव्याने रुजू होणाऱ्या.
"मगे मी काय जुन्यान रुजलंय?"
हसले. कागद परत दिला.
कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा उमटला होता,
सहीपेक्षा ठळक.

वैजयंत आला. मेणकापड निघालं.
खिडक्यांत निळा उजेड, पोरांच्या तोंडावर काळे मुखवटे,
जेटीवर बर्फ उतरवायला माणसं कमी पडू लागली.
पहिला हप्ता मात्र आला नाही.
लेखाशीर्ष उघडलेलं नाही, असं ओरोसहून कळलं.
दर सोमवारी तो टेबलाशी उभा राहतो, लाज न बाळगता:
"हप्तो इलो?"
"नाय."
"बरा."
आणि वर्गावर जातो.
त्या 'बरा'मध्ये किती सोमवार शिल्लक आहेत
ते मी कॅलेंडरवर मोजत नाही. म्हणजे मोजते.

एका रात्री घरी बसून टिपणी लिहिली, कुणी न सांगता.
विषय: आधीपासून राहिलेल्यांबाबत.
साहेबांनी दोन ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले,
पाहू म्हणाले, पेपरवेटखाली ठेवली.
तिथं ती श्रावणभर होती.

काल कुबल सरांनी फुटलेला सायलेन्सर आणला,
कुणा गाबिताच्या होडीचा.
वैजयंतनं स्वतः हात लावला नाही,
दुसऱ्या वर्षाच्या रेश्मा खवळेला पुढे केलं.
तिनं एकदा जोड दिला, घासून काढला, परत दिला.
थंड झाल्यावर कुबल सरांनी सांध्यावरून अंगठा फिरवला,
सावकाश, डोळे मिटून.
"टिकतलो," म्हणाले.

मी आत गेले. पेपरवेट उचललं.
टिपणीवर साहेबांची सही घेतली, ते फोनवर असताना.
जावक क्रमांक ४१२.