थांबा नववा

अकरा वर्षांपूर्वी, एका दुपारी
मी हे शहर वाचून दाखवलं होतं.
कपाटाएवढी खोली, भिंतींना फोम,
समोर बारा थांब्यांची बारा पानं,
मिनिटामागे ठरलेले पैसे,
आणि काचेपलीकडून लिव्हिओच्या खुणा :
हळू, बाई, हळू,
लोकांना चालायचंय.

मी स्वतः कधी चालले नव्हते तशी.
त्रिएस्तेत जन्मलेल्या माणसाला
त्रिएस्ते बघायला सवड कुठली?
घर ते शाळा, शाळा ते बाजार,
रविवारी शेवंती घेऊन
सान्तान्नाच्या दफनभूमीत, आईकडे.

शाळेनं निरोपाचा गुच्छ दिला त्याला महिना झाला.
डॉक्टर म्हणाली, गुडघा चालता ठेवा.
म्हणून आज कानात घातली
मी मलाच.

"नमस्कार. चला माझ्यासोबत."
काय तो आवाज! कडक इस्त्रीचा.
चढावर धाप नाही,
कारण चढ तिनं पाहिलाच नव्हता.
"या पंच्याहत्तर पायऱ्या चढू या."
मी मोजल्या, एकोणऐंशी भरल्या.
वरच्या चार माझ्या एकटीच्या.

"उजवीकडे वळा, कॉफीचा वास येईल."
वळले, तर मोबाइलच्या कव्हरांचं दुकान.
पण वास आला!
आत गल्ल्यामागे पोऱ्यानं
स्वतःपुरती मोका चढवली होती.
वर बघून म्हणाला, "काय हवंय?"
मी म्हटलं, "काही नाही, तपासत होते."

"बोरा सुटला की इथे दोर बांधत,"
ती सांगते, पानही न हलणाऱ्या खोलीतून.
आणि इथे बोरा माझ्या कोटात शिरून
मला उलटी घडी घालू पाहतोय.
दुशान, आमच्या जुन्या इमारतीतला,
दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभा.
"नेविया! निघालीस कुठे?"
"फिरायला."
"या वाऱ्यात? गावातली असून?"

थांबा नववा. धक्का.
दगड लांब समुद्रात गेलेला,
टोकाला पाणी पायरीला चाटून परततंय.
"आता मी एक मिनिट गप्प बसते.
समुद्र ऐका."

बसली गप्प.
कागद सरकला. खुर्ची करकरली. कुणी घोट गिळला.
मग टक् :
ग्लास टेबलावर ठेवल्याचा.

आठवलं की!
त्या मिनिटात मी घड्याळ पाहिलं होतं,
बटाटे घ्यायचे राहिले म्हणून चुटपुटले होते,
आणि लिव्हिओनं काचेपलीकडे
एवढी मोठी जांभई दिली होती.

शेजारी एक जोडपं उभं.
पादोव्हाकडचं असावं, बोलण्यावरून.
दोघांच्या कानात पांढऱ्या गोळ्या,
डोळे मिटलेले, केस वाऱ्यावर.
बाई पुटपुटली, "ऐकलंस?
नाव दगडाला लागली."
नावच नव्हती तिथे.

सांगणार होते मी. तोंड उघडलंही होतं.
तेवढ्यात पुरुषानं विचारलं,
"दहावा थांबा कुठे हो?"
"सरळ जा, मग डावीकडे वळा,"
मी म्हणाले,
आणि त्यानं चटकन कानातली गोळी काढली,
तळहातावर धरून पाहिली,
मग माझ्या तोंडाकडे पाहिलं,
मग बायकोकडे.
"हीच," ती म्हणाली. तेवढंच.

दोघं निघाले. सरळ, मग डावीकडे.
पानावर तसंच लिहिलं होतं.
पण रस्ता तर उजवीकडे आहे,
दारावरच्या घंटेच्या त्या बेकरीवरून,
जिथे मी चाळीस वर्षं पाव घेते.
हे मला सुचलं तोवर
ते कोपऱ्याआड गेले होते,
माझ्यावर पूर्ण विश्वास टाकून.

हाक मारावी तर वारा उलटा.

मी ते मिनिट मागे नेलं.
टक्.
पायरीवर पाणी चढलं, उतरलं.
पुन्हा मागे नेलं.