निशाणी

दोन तारखांना रोजनाम्यात लिहिलं गेलं : अर्जदार गैरहजर.
अर्जदार तेव्हा दाराबाहेरच्या बाकावर होती,
मांडीवर डबा, पायात नातवाची चप्पल.
पुकारा झाला होता, "नरसाबाई बोधले हाजिर होऽ"
आणि विडी घरकुलातली नरसम्मा बोद्धूल
दुसऱ्या कुणा बाईला बोलावताहेत असं समजून
पाय आत घेऊन वाट करून देत होती.

तिसऱ्या तारखेला मी उभी राहिले.
मी म्हणजे राजेश्वरी येमूल,
आईच्या सुपाशेजारी पालथं पडून शिकलेली,
दोऱ्याची गुंडी संपली की
पुराव्याचा कायदा मिटून दुकानात पळालेली.
बाररूममध्ये अकरा वर्षं खिडकीच्या कट्ट्यावर बसते.
खुर्च्या आहेत.
प्रत्येकीवर कुणाचे तरी आजोबा बसलेले आहेत.

एप्रिल. सोलापूरचं ऊन कोटाच्या आत शिरून बसलेलं.
समोरचे वकीलसाहेब सावकाश, गोड आवाजात :
"बाई, कारखान्याच्या एकाही वहीत तुमचं नाव नाही.
चौतीस वर्षं विड्या वळल्या, याला पुरावा काय?"
मी तेलुगूत विचारलं.
जेवलीस का, असं आई विचारायची
त्याच आवाजात विचारलं गेलं.
नरसम्मानं दोन्ही हात कठड्यावर ठेवले.
"वेळ्ळु अरिगिपोयिनय्."

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

बोटं झिजली, म्हणते.
एवढं सोपं होतं.
पण मराठीत चंदन झिजतं.
घरासाठी बाई झिजते
आणि मग तिच्या फोटोला हार घालतात.
आमच्याकडे अशी जाते ती चपलेची टाच,
रुपयावरचा छाप,
मागावरच्या धोट्याची कड.
वापरून वापरून.
दुसऱ्या कुणीतरी वापरून.

म्हणाले, "साहेब, शब्द तसाच घ्यावा, अर्थ कंसात."
"कोर्टाची भाषा मराठी आहे, मॅडम."
"साक्ष तिची आहे, साहेब."
पंखा फिरत राहिला. मागे कुणीतरी हसलं.
त्या हसण्याची जात मी अकरा वर्षं ओळखते.
साहेबांच्या बोलण्यात कधी मंगळवेढ्याकडचं 'की ओ' डोकावतं
आणि ते पटकन गिळतात,
हेही मला ठाऊक होतं.
बराच वेळ गेला.
"घ्या," ते म्हणाले.
टंकलेखकानं तीनदा विचारून एकेक अक्षर उतरवलं.

मग सही. नि. डा. हा. अं.
शाईचं पॅड, डावा अंगठा, कागद.
उठला तो नुसता निळा डाग.
ना रेघ, ना भोवरा.
पुन्हा दाबला. पुन्हा डाग.
शिरस्तेदार वैतागले, "अहो, नीट दाबा की बाई!"
साहेब खुर्चीतून जरा पुढे वाकले.
समोरचे वकीलसाहेब
फायलीत काहीतरी शोधायला लागले.

"साहेब, यालाच निशाणी क्रमांक द्यावा," मी म्हणाले.

निकाल लागलेला नाही. पुढची तारीख बावीस जून.
मी अजून कट्ट्यावरच बसते.
पण परवा जेवणाच्या सुट्टीत पट्टेवाले इनामदार
जवळ येऊन हळूच म्हणाले,
"मॅडम, ते नाव एकदा बरोबर सांगा."
बोद्धूल. द ला ध जोडून.
ते व्हरांड्यात गेले
आणि रिकाम्या बाकाला
दोनदा हाक मारून आले.